क्रॉकरचा बुधवारचा तास

...आणि शेळीने माइकवरची स्पंजाची टोपी गिळली, तरीही ब्लांशने कार्यक्रम थांबवला नाही. काल इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात आमच्या हिने जेवायला हाक मारली.

तर शेळी होती मिसेस ऑल्डरिचची. बाई डोंगरावर राहायची, चीझ फार सुरेख करायची, आणि ते कसं करतात हे आमच्या केबलच्या चॅनेलवर दाखवायला आली होती. दूध कुठून येतं हेही लोकांना दिसावं म्हणून शेळीला बरोबर घेऊन आली. टोपी गिळून झाल्यावर शेळी टेबलावर चढली. टेबलावरून तिला समोरच्या टीव्हीत दुसरी शेळी दिसली. मग तिने शिंगं खाली घेतली आणि जे काही केलं त्यात तो टीव्ही गेला. कॅमेऱ्यामागे मी होतो. मी ब्लांशला खुणेने विचारतोय, बंद करू का, बंद करू का. तिने नुसती हनुवटी वर करून घड्याळाकडे दाखवलं. मिसेस ऑल्डरिचचा तास अजून संपला नव्हता. मग अख्ख्या स्टार्कवेल शहराने, त्या वेळी दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं म्हणून, एक शेळी चीझ गाळायचं फडकं खाताना पाहिली.

ब्लांश पेल्कीचं हे असं होतं. भिंतीवर आठवड्याच्या तासांचे चौकोन आखलेला एक फळा होता. शहरात राहणाऱ्या कुणीही यावं, रिकाम्या चौकोनात खडूने नाव लिहावं. आधी येईल त्याचा तास. धंद्याची जाहिरात करायची नाही, अंगावर कपडे असले पाहिजेत, बाकी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही. एकदा तास तुमचा झाला की त्यात महापौरांनासुद्धा नाक खुपसता येत नव्हतं. नियम चांगलाच होता, मी कुठे नाही म्हणतो? पण चांगल्या नियमालाही कुठेतरी दार असावं, हवा यायला. ब्लांशच्या नियमाला खिडकीसुद्धा नव्हती.

हे चॅनेल आमच्या गळ्यात पडलं कसं, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्टार्कवेल बसलंय दोन डोंगरांच्या बेचक्यात, नदीकाठी. कापडाच्या गिरणीला पाणी हवं होतं म्हणून आमच्या पूर्वजांनी शहर खड्ड्यात वसवलं. पुढे टीव्ही निघाला आणि सगळ्या देशाला चित्रं दिसायला लागली, पण आमच्याकडे नुसते पांढरे ठिपके. बाहेरही बर्फ आणि पडद्यावरही बर्फ. विजेच्या सामानाचं दुकान चालवणारा लामूरू नावाचा माणूस होता. टीव्ही विकले जाईनात म्हणून त्याने डोंगराच्या टोकावर अँटेना उभा केला आणि तिथून तार ओढत, झाडांना आणि खांबांना बांधत, खाली घराघरात आणली. तार घेणाऱ्याने टीव्ही त्याच्याकडूनच घ्यायचा, एवढीच अट. आमच्या डोंगरावरच्या शाळेतल्या बाईंनी एका हिवाळ्यात तासच बंद ठेवून आम्हाला तो अँटेना दाखवायला नेलं होतं. आम्ही सगळी पोरं खाली उभी राहून वर बघत होतो, जणू त्यातून कुणीतरी खाली उतरणार आहे.

पुढे लामूरू म्हातारा झाला आणि त्याची तार बाहेरच्या एका मोठ्या कंपनीने घेतली. शहराने कंपनीला सांगितलं, खांब आमचे, रस्ते आमचे, तेव्हा करार हवा असेल तर एक चॅनेल लोकांसाठी सोडायचं, कॅमेरे द्यायचे, आणि ते चालवायला तुमच्या मिळकतीतला लहानसा वाटा द्यायचा. कंपनीने सही केली. अशा पद्धतीने जुन्या अग्निशमन केंद्राची मागची खोली, जिथे एके काळी बंबाचे घोडे बांधत, ती आमचा स्टुडिओ झाली. पावसाळी हवेत अजून घोड्यांचा वास यायचा.

ब्लांश तिथे आली ती भांडायला. त्या वेळी ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिच्या चर्चमधलं शनिवारचं बीन्सचं जेवण चॅनेलवर दाखवलं आणि त्यात सगळी माणसं कमरेपासून खाली दिसली. ती तणतणत आली, तर तिथला माणूस म्हणाला, एवढं वाटतंय तर स्वतः धरा कॅमेरा. तिने धरला, तो पुढे सोडलाच नाही. स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर खोलीच्या किल्ल्याच तिच्याकडे आल्या.

आता हायरम क्रॉकर. जमिनी मोजण्याचं काम करून निवृत्त झालेला, उंच, बगळ्यासारखा माणूस. आयुष्य लोकांची कुंपणं दोन बोटं इकडे की तिकडे हे ठरवण्यात गेलेलं. आता मोजायला काही उरलं नव्हतं म्हणून शहर मोजत सुटला होता. एके दिवशी तो स्टुडिओत आला आणि म्हणाला की हे चॅनेल म्हणजे शुद्ध उधळपट्टी आहे, कंपनी तो वाटा आमच्याच बिलातून काढते, आणि त्याच्या बदल्यात आम्ही काय बघायचं तर शेळ्या. हे बंद झालं पाहिजे.

त्याला चहा पाजून वाटेला लावला असता तर हे सगळं रामायण झालं नसतं. ब्लांशने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हेच सगळ्यांसमोर बोलायचंय का तुम्हाला?" आणि फळा दाखवला. बुधवारी संध्याकाळचा सहाचा तास रिकामा होता.

त्या दिवसापासून दर बुधवारी ‘क्रॉकर स्पष्टच बोलतो’ सुरू झालं. आमच्याच चॅनेलवर, आमच्याच खुर्चीत बसून हा माणूस हे चॅनेल का बंद करावं ते सांगायचा. आणि ब्लांश त्याला मदत करायची. पहिल्या दिवशी तो पांढराशुभ्र शर्ट घालून आला, तर तिने सांगितलं की पांढऱ्याने चेहरा काळा पडतो, निळा घाला. तो भराभर बोलायचा, तर म्हणाली, सावकाश बोला, लोकांना पटायला वेळ लागतो. मी तिला म्हटलं, "अगं, आपल्याच मानेवर चालणाऱ्या सुरीला धार लावून देतेस तू." ती म्हणाली, सुरी बोथट असली तर जास्त दुखतं. अशा बाईशी बोलायचं तरी काय?

आणि क्रॉकर चालला की! एरवी आमचं चॅनेल बघायचे ते नातेवाईक. क्रॉकरला लोक बघायला लागले. न्हाव्याच्या दुकानात गुरुवारी त्याचाच विषय. निम्मे त्याला शिव्या द्यायचे आणि निम्मे म्हणायचे, बोलतो ते खोटं नाही.

हे चालू असताना कंपनीचा करार संपत आला. बर्फ वितळल्यावरचे चिखलाचे दिवस होते, मेपलचा रस उतरून नुकताच आटवून झाला होता, डोंगरावरचे रस्ते गाडीची चाकं गिळत होते. कंपनीने नगरसभेला कळवलं की नवा करार करू, पण लोकांचं चॅनेल आता नको. त्या बदल्यात मुलांच्या बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाला नवे दिवे देऊ. आता आमच्याकडे हॉकी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. नगरसेवकांतले बरेचसे दिव्यांकडे झुकले होते, हे सगळ्यांना दिसत होतं. जाहीर सुनावणी ठरली बुधवारी संध्याकाळी सात वाजता, नगरभवनात. लगेच मतदान. चॅनेल राहतं की जातं, ते त्या संध्याकाळी ठरणार होतं.

आणि बुधवारी सहा ते सात कोण? क्रॉकर. सुनावणीला निघण्याआधी सगळं शहर टीव्हीसमोर बसलेलं असणार, आणि समोर हा बगळा.

आम्ही मदतीला येणारे सगळे स्टुडिओत जमलो. रिटा कॉर्मियर म्हणून होती, दातांच्या डॉक्टरकडे कामाला, कॅमेरा फार छान चालवायची. ती म्हणाली, मी नगरभवनातली सुनावणी दाखवीन, पण क्रॉकरच्या तासाला हात लावणार नाही. मीही म्हणालो, मीही लावणार नाही. मग एकाने सुचवलं की यंत्र बिघडलं म्हणून सांगू. दुसरा म्हणाला, वादळाने तार तुटली म्हणू. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं, पण तो म्हणाला, डोंगरापलीकडचं वादळ. रिटाचं म्हणणं, कुणी विचारणारच नाही, लोक क्षणभर चिडतील आणि सुनावणीला येतील.

ब्लांश बाकावर बसून स्वेटरचा सुटलेला टाका उचलत होती. म्हणाली, "कुणी नसेल तर मी चालवीन. कॅमेरा एकाच जागी ठेवायचा, काय अवघड आहे?"

मग लक्षात आलं की बोलणाऱ्याने सातच्या आत नगरभवनाच्या दारावर स्वतः जाऊन नाव नोंदवायचं होतं. ती सातपर्यंत क्रॉकरच्या समोर उभी असेल तर तिचं नाव लागणार कसं? चॅनेलच्या बाजूने बोलायला तिच्याइतकं योग्य कोण होतं? इतक्या वर्षांचं सगळं तिला माहीत. ती जाणार नाही म्हणजे सगळ्यात चांगला घोडा तबेल्यात आणि शर्यत गाढवावर. मी तिला हे असंच्या असं सांगितलं. ती म्हणाली, "मग तू बोल, ऑर्विल. तुला बोलायला आवडतं."

मी कपाळाला हात लावला. मला बोलायला आवडतं हे खरं, पण मला संपवायला आवडत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

बुधवार उजाडला. नगरभवनाचं सभागृह भरायला लागलं होतं, बाहेरच्या व्हरांड्यात महापौरांनी एक टीव्ही ठेवला होता. सहा वाजता क्रॉकर निळा शर्ट घालून पडद्यावर. आवाज सावकाश, मान ताठ. मला इतका राग आला की काय सांगू, कारण माणूस छान दिसत होता. ब्लांशने त्याच्या मागे झेंडा लावला होता. झेंडा!

त्याने मुद्दे मांडले, मग म्हणाला, फोन करा आणि सांगा, तुम्हाला हे चॅनेल हवंय का. पहिला फोन एका म्हाताऱ्या बाईचा. तिने विचारलं, या शनिवारी बीन्सचं जेवण आहे की नाही. क्रॉकर म्हणाला की मला माहीत नाही, विषयावर बोला. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून ब्लांशचा आवाज आला, "आहे, पाच वाजता." दुसरा फोन करणारा म्हणाला, तुमचं अगदी बरोबर आहे, बंदच करा, पण त्याआधी गेल्या आठवड्यातला शाळेचा हॉकीचा सामना पुन्हा दाखवा, माझा नातू खेळला होता. तिसरा क्रॉकरला त्याच्या शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल काहीतरी करायला सांगत होता. व्हरांड्यात लोक हसत होते, पण मला हसू येत नव्हतं. एकानेही धड सांगितलं नव्हतं की चॅनेल ठेवा.

शेवटी क्रॉकरने फोन बंद केले आणि पुढे वाकला. "आता मी तुम्हाला ती एकच गोष्ट सांगतो," तो म्हणाला, "जिच्यामुळे या चॅनेलची..."

आणि पडद्यावर नगरसभेच्या रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या. सात वाजले होते. फळ्यावर सातपासून नगरसभेचं नाव होतं. एका क्षणाची सवलत त्यालाही नाही.

सुनावणी सुरू झाली. माझं नाव लवकर आलं. प्रत्येकाला तीन मिनिटं होती. मी ठरवलं होतं की लामूरूच्या अँटेनापासून सुरुवात करायची, म्हणजे लोकांना मुळापासून कळेल. पण अँटेनाचं सांगायचं तर आधी तो खांब वर कुणी नेला ते सांगायला हवं, आणि तो नेला होता माझ्या काकांच्या घोड्याने, आणि त्या घोड्याचा स्वभाव फार विचित्र होता. घोडा डोंगराच्या अर्ध्यावर पोहोचला आणि महापौरांनी घंटा वाजवली. मी म्हटलं, फक्त वरपर्यंत जाऊ द्या. नाही म्हणाले. रिटाने कॅमेऱ्यामागून माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खाली बसलो. बाकीचे दोघं-तिघं बोलले, पण कुजबुजत, अपराध्यासारखे. नगरसेवक घड्याळं बघत होते. हॉकीवाले मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

शेवटी कंपनीच्या वकिलाने, कंपनीला मिळालेल्या वेळात, आपला साक्षीदार पुकारला, हायरम क्रॉकर. शहरातलाच माणूस, त्याच चॅनेलवर दर आठवड्याला येणारा, आणि तोच म्हणतो बंद करा. याहून चांगला साक्षीदार कुठला मिळणार? क्रॉकर रस्ता ओलांडून आला होता, धापा टाकत, चेहरा लाल. त्याच्या मागून ब्लांश आली आणि कोटासकट दाराशी उभी राहिली. कुणी खुर्ची दिली तर नको म्हणाली.

वकील गोड आवाजात म्हणाला, "मिस्टर क्रॉकर, या चॅनेलबद्दल तुमचं मत सभेला सांगा."

क्रॉकर म्हणाला, "आधी मला हे सांगायचंय की मला वाक्याच्या मध्यात तोडलं. सगळ्यात महत्त्वाचं राहिलं होतं."

मिसेस देरोशे म्हणून नगरसेविका होत्या, बेकरीवाल्या, दिव्यांकडे झुकलेल्यांतल्याच. त्यांना बिचाऱ्याची दया आली असावी. त्या म्हणाल्या, "मग पुढच्या बुधवारी पुरं करा ना, हायरम."

"करणारच आहे," क्रॉकर म्हणाला. "पुढच्या बुधवारी ते. त्याच्या पुढच्याला पुलाचा कठडा. मग शाळेचं छप्पर. उन्हाळ्यापर्यंत माझे विषय ठरलेत."

वकिलाने खाकरून म्हटलं की मिस्टर क्रॉकर, चॅनेल तर नवा करार झाला की येत्या एक तारखेपासून बंद होईल, आणि तेच आपल्याला हवं आहे, नाही का?

क्रॉकर त्याच्याकडे वळला. जमिनीच्या वादात समोरच्याने खुंटा हलवला तर बघायचा तसा बघितलं त्याने. "एक तारखेपासून? कुणाला विचारून?"

"पण आपणच तर म्हणता..."

"मी म्हणालो चॅनेल बंद करा. माझा तास बंद करा असं मी कधी म्हणालो? फळ्यावर नाव आहे माझं. तुम्ही कोण ते पुसणारे?"

सभागृह असं हसलं की महापौरांची घंटा ऐकू येईना. क्रॉकर मात्र हसत नव्हता. त्याला यात हसण्यासारखं काय आहे तेच कळत नव्हतं. तो पुढे बोलतच राहिला, की पुलाच्या कठड्याबद्दल वर्तमानपत्र छापत नाही, नगरसभा ऐकत नाही, मग सांगायचं कुठे माणसाने? तेवढ्यात हॉकीवाल्यांतला एक जण मागून ओरडला की कठडा खरंच मोडलाय. मिसेस देरोशे वकिलाकडे बघून म्हणाल्या, दिवे आम्ही दुसरीकडून बघू. आणि मतदान झालं तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी कितीतरी हात वर गेले. चॅनेल राहिलं. पुढच्या करारातही लोकांचा तो वाटा आणि ती घोड्यांची खोली कायम राहिली.

लोक क्रॉकरला हात मिळवायला धावले, तर तो भडकला. सगळ्यांनी आपला गैरसमज करून घेतलाय, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओत गेलो तर तो ब्लांशच्या आधी येऊन कुलपापाशी उभा होता. नगरसभेने त्याचं म्हणणं कसं उलटं समजून घेतलं, हे समजवायला त्याला बुधवारचा सातचाही तास हवा होता. ब्लांशने दार उघडलं, खडू दिला. सातला नगरसभा नसेल त्या बुधवारी लिहा म्हणाली. त्याने लिहिलं, मागे सरकून ओळ सरळ आली का ते पाहिलं, आणि गेला.

रात्रीतून शहरभर एकच बोलणं झालं होतं, की ब्लांश पेल्की फार धूर्त बाई. तिला ठाऊक होतं क्रॉकर काय करणार ते, म्हणूनच तिने त्याला इतकं जपलं, मुद्दाम वाक्यात तोडलं, चिडवून सभेत पाठवलं. बेकरीत हेच, पोस्टात हेच. मलाही ते पटलं होतं, खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं, कारण त्यामुळे गेल्या सगळ्या वर्षांचा काहीतरी अर्थ लागत होता. मी कॉफीचा कप तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, आता मला तरी खरं सांग. तुला माहीत होतं ना, तो तसं बोलणार ते?

ब्लांश म्हणाली, "कसलं माहीत, ऑर्विल? मला वाटलं होतं आपण हरलो. किल्ल्या कुणाकडे द्यायच्या ते विचारायला मी महापौरांना फोनसुद्धा केला होता. आणि पुढच्या बुधवारी कॅमेऱ्यामागे तू उभा राहा, काल तासभर त्या माणसासमोर उभी राहून माझे गुडघे पार धरलेत."